पाद्रीबाबांचं पहिलं घर

घर वाचलं. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू, कारण १९८६च्या जानेवारीतल्या त्या शुक्रवारी सकाळी घर वाचण्याची काहीही चिन्हं नव्हती.

अंधेरीच्या पूर्वेला, चर्चच्या मागे, ते कौलारू घर उभं होतं. फादर पास्कोल त्याच्याकडे बोट दाखवत होते. समोर घाटकोपरहून बोलावलेली गुप्तहेर सुलक्षणा, शेजारी तिचा मदतनीस चंद्रप्रकाश. कामाची वाटणी सोपी होती: डोकं तिचं, पिशवी त्याची.

"इथल्या पाद्रींची तीन घरं झाली," फादर म्हणाले. "तिसऱ्यात मी राहतो. दुसऱ्याच्या जागी शाळा आहे. पहिलं हेच, हे मी छातीठोक सांगतो. पण इतिहास समितीला छाती नको, पुरावा हवा. जुन्या वहीत लिहिलंय, दारावर क्रूस आणि सन कोरलेला दगड होता. तो शिलालेख चार वाजेपर्यंत सापडला नाही, तर सोमवारी घर पाडून इथे हॉल."

"आणि आत राहतं कोण?"

"आमचे माळी काशीराम आणि त्यांच्या जानकीबाई. त्यांना दुसरीकडे जागा नाही."

काशीराम दारातच ताठ उभे होते. दाराच्या वर बाहेरून एक आयताकृती खाच होती. तिच्यात त्यांनी गिरणीतल्या सत्काराचा स्वतःचा फोटो ठेवला होता. येणाऱ्याजाणाऱ्याची गैरसोय नको.

"सव्वीस वर्सां साचे चालवलंय, एक खाडो नाय," ते म्हणाले. "ह्या घराचाय एक कौल हलाक दिलंय नाय."

सुलक्षणाने चंद्रप्रकाशच्या खांद्यावर चढून खाच मोजली. दोन विती लांब, एक वीत रुंद. खाली उतरताना तिने त्याला चपला काढायला लावल्या, कारण ओटा सारवलेला होता. दुसऱ्याच पावलाला तो कळवळला. टाचेत राखाडी दगडाची ताजी कपची होती.

"फेकू नकोस," ती म्हणाली. पुरावा त्याच्याच पिशवीत गेला.

पहिला संशयित हॉलचा कंत्राटदार, खंडू.

"मी दगड कशाला चोरू, ताई? अख्खं घर मीच पाडणार. त्यातला एक दगड आधी काढायचा म्हणजे डबल मेहनत."

"हाच चोर," चंद्रप्रकाश कुजबुजला. "फार मुद्द्याचं बोलतो."

दुसऱ्या सोनूबाई. खारदांड्याहून दर शुक्रवारी मासळी घेऊन याच दारात बसायच्या.

"तीस वरसं हितं दगडावर बसून म्हावरा इकला," त्या भडकल्या. "आज आले त दगड नाय. डब्यावर बसलेय, बघ."

"त्यावर काही कोरलं होतं, मावशी?" चंद्रप्रकाशने विचारलं.

"मी दगडावर बसते रं. दगड वाचत नाय."

उरल्या जानकीबाई.

"शिलालेख-बिलालेख मी बघूक नाय," त्या म्हणाल्या. "तुमी आधी जेवन जावा."

बांगड्याचं तिखलं झकास होतं. चंद्रप्रकाशने तीनदा घेतलं. दर घासाला दाताखाली कचकच झाली, पण फुकटच्या जेवणात तो खोट काढत नसे. "वाळूतला बांगडा असेल," त्याने ठरवलं. हात धुवायला मागे गेला, तर तुळशीची कुंडी पाट्याच्या दोन तुकड्यांवर उभी. ही काटकसर त्याला फार आवडली. त्याने ती सुलक्षणालाही सांगितली. ती हसली.

चार वाजता समितीचे तीन सभासद आले. खंडू टेप घेऊनच आला होता.

"चोरी झालेलीच नाही," सुलक्षणा म्हणाली. "जानकीकाकींचा पाटा फुटला. तुकडे तुळशीखाली आहेत. मग त्यांनी दारातला दगड उचलला, कधीकाळी वरच्या खाचेतून निखळलेला. पण तीस वर्षं बसून सोनूबाईंनी तो इतका गुळगुळीत केला होता, की त्यावर मिरची वाटली जाईना. म्हणून पाटे छिन्नीने खरखरीत करून देणारी टाकीवाली बोलावली. तिच्या छिन्नीची कपची तुझ्या टाचेत होती, चंदू, आणि ताज्या टाकीची कचकच तुझ्या दातात. बांगडा निर्दोष आहे."

"मग काकी खोटं का बोलल्या?"

"कुठे बोलल्या? सगळे शिलालेख विचारत होते. पाटा कोणी विचारला?"

"मंगळवारीच टाकी लावून घेतलंय," जानकीबाई अभिमानाने म्हणाल्या.

फादर मटकन ओट्यावर बसले. "म्हणजे अक्षरं गेली."

"फादर, टाकी लागली ती बसायच्या बाजूला. दुसरी बाजू तीस वर्षं मातीत होती."

पाटा उलटला. काशीरामनी खुरप्याने माती खरवडली. आधी क्रूस निघाला. मग एक-एक करून आकडे: १८५२. त्यांनी खाचेतला फोटो काढून बगलेत धरला आणि दगड स्वतःच्या हातांनी वर चढवला. दोन विती, एक वीत. तो असा बसला, की जणू मधली वर्षं तो नुसता बाहेर जाऊन आला होता.

अध्यक्षांनी वहीत लिहिलं: "पहिलं पाद्रीघर. पाडू नये. दगड हलवू नये." खंडूने टेप गुंडाळली. फादरनी तिन्ही घरं बोटांवर मोजली, पुन्हा मोजली, तीनच भरली. फोटोतले काशीराम आणि बाहेरचे काशीराम, दोघांत जास्त ताठ कोण, हे चंद्रप्रकाशला ठरवता येईना.

"सगळा खरा," जानकीबाई म्हणाल्या. "पण मसाल्याचा वाटप खंय वाटू?"

अध्यक्षांनी वहीतल्या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. म्हणून काशीरामनी तिथल्या तिथे अर्ज सांगितला आणि चंद्रप्रकाशने तो लिहून घेतला:

"मा. अध्यक्ष, इतिहास समिती, यांस. सदर ऐतिहासिक दगड दर शुक्रवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळेत वाटपाकरिता भिंतीतून काढून मिळावा. काम झाल्यावर तो स्वच्छ धुऊन पूर्ववत बसवण्यात येईल. तरी मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती."