दाब... सोड

जेवणं उरकली आणि लाईट गेली. पोरं अंगणातल्या खाटेभोवती गोळा झाली. खाटेवर भाऊसोनाना, फौजेत ट्रक चालवून निवृत्त झालेले.

"नाना, भुताची सांगा की," मल्हार म्हणाला.

"भूत कशाला? शेजारच्या मळ्यातल्या जोतिबाचं सांगतो. त्यानं मला सांगितलं, मी तुमास्नी. मधी खिदळायचं न्हाई."

नानांनी सांगितलं ते असं.

जोतिबाच्या आईला, हरणाबाईला, डायलिसिससाठी सारखं सांगलीला, विश्रामबागेतल्या दवाखान्यात न्यावं लागे. येताना ती मागच्या सीटवर आडवी व्हायची. गाडी जुनी, पांढरी, थोरल्या भावानं घेतलेली. तो भाऊ, ज्ञानू, दोन पावसाळ्यांमागे काविळीनं गेला. ज्ञानू ताडासारखा उंच, जोतिबा त्याच्या खांद्यालाही न पोचणारा. ज्ञानू गाडीतून उतरला की सीट पार मागे गेलेली असायची.

"ए लंबूटांग्या, सीट पुढं घिऊन उतरत जा की रं!" जोतिबा ओरडायचा.

"तूच जरा लांब हो की," ज्ञानू हसायचा.

भाऊ गेल्यावर जोतिबानं सीट पुढे ओढली. मग तिला हात लावायचं कारणच उरलं नाही. सीट ज्यांवर सरकते त्या खालच्या पट्ट्या गंजून बसल्या.

गेला महिनाभर गाडीचं दुखणं काही सापडत नव्हतं. साठच्या पुढे गेली की स्टेअरिंग थरथरायचं. बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली, पुढचे टायर मागे घातले, टायरॉड बदलला. दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. जोतिबाला आता रागही येत नव्हता. नुसता शीण. दिवसभर मळा, मग दवाखान्याच्या बाकावर बसणं, मग हा रस्ता. घरी जेवताना हातातली भाकरीसुद्धा थरथरतेय असं त्याला वाटायचं.

ती भोगीची रात्र, संक्रांतीच्या आदल्या दिवसाची. दवाखान्यातलं मशीन मध्येच बंद पडल्यानं निघायला उशीर झाला. तासगाव मागे पडलं तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. आणि आज चाळीसलाच स्टेअरिंग हलायला लागलं. पुढच्या डाव्या चाकातून घरघर येत होती.

जोतिबानं गाडी एका बाभळीच्या पुढे बाजूला घेतली.

चाकाला खालून धरणारा जॉइंट गेला असेल तर चाक चालता चालता आडवं पडणार. मग इथून एक पाऊलही पुढे न्यायची सोय नाही, आईला सकाळपर्यंत थंडीत ठेवावं लागणार. पण नुसतं चाक फिरवणारं बेअरिंग गेलं असेल, तर हळूहळू घर गाठता येईल. चाक दोन्हीत हलतंच. फरक कसा ओळखायचा, याची त्या भावांची एक रीत होती. जॅक लावायचा, चाक वरून-खालून धरून हलवायचं. दुसऱ्यानं आत बसून ब्रेक दाबायचा. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर बेअरिंग. तरीही राहिली तर जॉइंट. चाकाशी नेहमी जोतिबा, आत नेहमी ज्ञानू.

"आवं, मग एकट्यानं कसं करायचं?" समीक्षानं विचारलं.

"ऐक की गं."

जोतिबानं मागच्या चाकाला दगड लावला. जॅकनं डावी बाजू उचलली. मोबाईलचा उजेड जमिनीवर ठेवला आणि उकिडवा बसला. डोळे मिटत होते. चाक धरून त्यानं हिसका दिला.

खट. खट.

"दाब," तो सवयीनं म्हणाला.

खडखड थांबली.

"सोड."

खट. खट.

"दाब."

थांबली. चाक जागचं हलेना.

"बेअरिंगच हाय," जोतिबा म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला. "चल, उतर. आन् सीट पुढं घिऊन उतर..."

बोलता बोलता त्याची नजर मागे गेली. बाभळीचं खोड लाल दिसत होतं.

ब्रेकचा दिवा.

जोतिबाचे हात चाकावरच राहिले.



लाल उजेड गेला.

जोतिबा उठला. बॉनेटला हात लावत, पुढून वळसा घालत पलीकडे गेला. दार बंद. काचेवर उजेड धरला.

आत कुणी नव्हतं.

मागे आई शालीत गुरफटलेली. डोळे मिटलेले.

"झालं का रं तुमचं दोघांचं?" ती झोपेत पुटपुटली.

"आई... दोघांचं?"

ती पुन्हा घोरायला लागली होती.

त्यानं जॅक उतरवला. दगड काढला. दार उघडलं. आत बसला. ब्रेकवर ठेवायला पाय लांब केला.

पाय पोचला नाही.

इकडे अंगणात मल्हारनं पाय खाटेवर ओढून घेतले.

नाना म्हणाले, "तसाच सीटच्या कडंला बसून, चालत्या माणसाच्या वेगानं घरी आला. आई सकाळी चांगली उठली, चहा प्याली."

दुसऱ्या दिवशी विट्यातल्या मिस्त्रीनं चाक खोललं. बेअरिंगच गेलं होतं, जॉइंट ठणठणीत. ते बदललं आणि थरथर कायमची थांबली.

मग जोतिबानं त्याला सीट तेवढी पुढे घेऊन द्यायला सांगितलं. मिस्त्रीनं ऑइल सोडलं, हातोडीनं ठोकलं, दोघांनी मिळून ओढलं. सीट तसूभर हलली नाही. अजूनही जोतिबा पाठीशी गोधडीची घडी लावूनच गाडी चालवतो.

त्या दिवशी शेवटी मिस्त्री बॅटरी घेऊन सीटखाली वाकला. बराच वेळ बघत राहिला.

"जोतिबा, ही कवा मागं सारलीस म्हणतूस?"

"काल रातच्याला."

मिस्त्रीनं बॅटरी त्याच्या हातात दिली. जोतिबा वाकला.

पट्ट्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गंज सलग होता. त्यावर सीट सरकल्याचा एक ओरखडाही नव्हता.