थरथरणारं टेबल

आमची पहिली भेट टेबलाखाली झाली.

मी गुडघे टेकून, डोकं खाली घालून सेन्सर शोधत होते. तेवढ्यात समोरच्या बाजूने एक चेहरा खाली आला. गोंधळलेला, आणि नाकाच्या शेंड्यावर पांढरं काहीतरी लागलेला.

"काही हरवलंय का?"

"सेन्सर. घड्याळासारखा दिसतो. काळा."

"तो... तुमच्या मनगटावर आहे तोच का?"

तोच होता. मी झटकन उठायला गेले आणि टेबलाची कडा टाळूवर टणकन बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मेंदूच्या विभागात नोकरी करणाऱ्या मुलीने स्वतःच्या मेंदूची ही अशी काळजी घ्यावी!

"लागलं?"

"छे!" मी डोकं चोळत म्हणाले. "तुमच्या नाकाला काय लागलंय?"

"क्रीम," तो नाक पुसत म्हणाला, आणि ते गालापर्यंत पसरवून बसला. "मी बेकरीत केकवर नावं लिहितो."

मला हसू आलं. आणि हसायचं नाही, हाच तर माझ्या नोकरीचा पहिला नियम होता.

आमच्याकडे हात थरथरण्याच्या आजारावर संशोधन चालू होतं. भीती नाही, थंडी नाही, तरी कप उचलला की हात थरथरायला लागतो, असा तो आजार. त्यावर मनगटाला बांधायचा एक नवा पट्टा आला होता. तो कातडीवरून विजेचे बारीक टोचे देऊन थरथर शांत करतो म्हणे. खरंच करतो का, ते बघायचं होतं. म्हणून निम्म्या पेशंटना खरा पट्टा आणि निम्म्यांना नुसत्याच गुदगुल्या करणारा. कोणाच्या हाताला कुठला, हे ना पेशंटला ठाऊक, ना मला. मी फक्त थरथर मोजायची आणि तोंड मिटून बसायचं. 'वा!' म्हणायचं नाही, 'अरेरे' म्हणायचं नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही. माझ्या जिभेला हाड नाही असं आई लहानपणापासून म्हणत आली. तिला कोण सांगणार, की तिच्या लेकीला पगार गप्प बसण्याचाच मिळतो!

मोजताना एक सेन्सर पेशंटच्या मनगटावर असायचा आणि एक टेबलावर टेकवलेल्या माझ्या मनगटावर. लिफ्ट थांबली, रस्त्यावरून ट्रक गेला, की टेबल हलतं. ते हलणं माझ्या सेन्सरवर उमटायचं आणि पेशंटच्या आकड्यांतून वजा व्हायचं. थोडक्यात, त्या खोलीतली सगळ्यात स्थिर वस्तू म्हणजे मी. निदान सगळ्यांचा तसा समज होता.

त्या क्रीमवाल्याच्या मागोमाग त्याची आत्या आत आली. पेशंट तीच. दुसऱ्या भेटीपर्यंत ती अख्ख्या विभागाची आत्या झाली होती. पर्समध्ये कायम एक नळी. "लोक सरबत नळीने पितात, मी चहा पिते. उगाच सांडून घेऊन कोणाची कीव कशाला ओढवून घ्या?" असं म्हणून ती खदखदून हसायची.

आमच्या डॉक्टर सरांना त्या पहिल्या भेटीच्या वेळी तुलनेसाठी निरोगी माणसं हवी होती, आणि ती काही मिळत नव्हती. धडधाकट माणूस हॉस्पिटलची पायरी कशाला चढेल?

"हा घ्या की आमचा ठोंब्या!" आत्याने भाच्याला पाठीत धपाटा घालून पुढे ढकललं. "ठणठणीत आहे. मेल्याला सर्दीसुद्धा होत नाही."

"आत्या, अगं—"

"बस खाली. बाईंसमोर हात पुढे कर."

सरांनी आनंदाने चष्मा कपाळावर सरकवला आणि मग तोच चष्मा शोधत बाहेर गेले. ठोंब्या माझ्यासमोर बसला. त्याच्या अंगाला व्हॅनिलाचा वास येत होता. सकाळपासून औषधांचे वास घेणाऱ्या माणसासमोर असं बसणं हा खरं तर अन्यायच.

"दोन्ही हात समोर धरा."

त्याने धरले. लांब, स्वच्छ बोटं.

"आता या ग्लासातलं पाणी त्या ग्लासात ओता."

त्याने ग्लास उचलला, माझ्याकडे पाहिलं... आणि त्याचा हात थरथरला. आधी थोडा. मग चांगलाच. अर्धं पाणी टेबलावर सांडलं, थोडं माझ्या बाहीवर. आत्याचं हसू मावळलं. त्याचा चेहरा तर पांढराफटक पडला.

"आता एक गोल काढा. आतून बाहेर, गोगलगायीच्या शंखासारखा."

रोज केकवर वळणदार अक्षरं काढणाऱ्या त्या माणसाची गोगलगाय भूकंपात सापडल्यासारखी दिसत होती. मी चेहरा भिंतीसारखा कोरा ठेवला.

"किती वाईट आहे?" त्याने हळूच विचारलं.

"मला सांगता येत नाही."

"येत नाही, की सांगायचं नाही?"

"परवानगी नाही."

"मग एवढं तरी सांगा... नाकाचं क्रीम गेलं का?"

"तेही सांगता येत नाही," मी म्हणाले, आणि कागदात तोंड खुपसलं.

त्यानंतर आत्या दर आठवड्याला यायची आणि भाचा तिच्याबरोबर. आत्याची थरथर हळूहळू कमी होत होती; पट्ट्याने की आपोआप, कोण जाणे. तिची खात्री होती, की खरा पट्टा तिलाच मिळालाय. भाच्याची मात्र वाढत होती. आणि मी? मी नेमक्या त्याच दिवशी केस धुवायला लागले होते. आईने विचारलं, "आज काही विशेष?" मी म्हणाले, "मोजणी आहे." आईने भुवई उचलली. तिला कुठलाच नियम लागू नव्हता.

एकदा आत सर आत्याला पट्टा बांधत होते तेव्हा तो व्हरांड्यातल्या खिडकीपाशी उभा होता. हाताची मूठ आवळत, उघडत.

"दुकानात अजून ठीक आहे," तो बाहेर बघत म्हणाला. "पण बाबांचंही असंच सुरू झालं होतं. आधी परक्यांसमोर. मग घरात. केकवर नावं तेच लिहायचे. एका लग्नाच्या केकवर नवरीचं नाव बिघडलं, आणि त्यांनी जे हातातलं ठेवलं ते ठेवलंच. नंतर चारचौघांत चहा प्यायचंही बंद केलं. आत्यासारखी नळी वापरायचं धाडस नव्हतं त्यांच्यात."

त्याने मूठ पुन्हा आवळली.

"आता माझी पाळी, नाही का?" तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "सांगू नका. तुम्हाला परवानगी नाही."

त्या क्षणी त्याचा हात हातात घ्यावा असं मला फार वाटलं. नियमात ते कुठेच बसत नव्हतं. मी म्हणाले, "चहा घेणार?" आणि दोघांसाठी दोन नळ्या घेऊन आले. तो इतका हसला, की चहा नाकात गेला.

पुढच्या आठवड्यात सर हातात आलेखांचे कागद घेऊन तरातरा आले.

"टेबल!" सर म्हणाले. "टेबल खराब आहे!"

"कुठलं टेबल, सर?"

"हे! हा बघ त्या बेकरीवाल्याचा हात. थरथरतोय. आणि हा बघ तुझा सेन्सर. तोही तितकाच थरथरतोय! त्याच्यातून तुझं वजा केलं की हाती काहीच राहत नाही. म्हणजे त्याला काही झालेलं नाही. टेबल हलतंय!"

माझे कान तापले. मी काही बोलायच्या आत सुतार बोलावला गेला. त्याने टेबलाचे पाय आवळले. तरी पुढच्या मोजणीला दोन्ही रेषा नाचल्याच. मग टेबल बदललं. रेषा नाचल्या. मग मोजणीपुरती लिफ्ट बंद ठेवली, आणि वरच्या मजल्यावरचे हाडांचे डॉक्टर जिने चढून सरांशी भांडायला आले. रेषा नाचतच राहिल्या.

शेवटी सरांनी सगळ्यांसमोर टेबलाची परीक्षाच घ्यायची ठरवली. माझ्या मनगटावर सेन्सर, पडद्यावर माझी रेषा. समोर आधी ते स्वतः बसले. रेषा सरळ. मग आत्याला बसवलं. तिचा हात थरथरला, पण माझी रेषा सरळ. मग सर म्हणाले, "आता तुम्ही बसा."

तो बसला. व्हॅनिलाचा वास आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे... आणि पडद्यावरची माझी रेषा अशी उड्या मारायला लागली, की आत्याने नळी तोंडातून काढली.

"बघा! बघा!" सर ओरडले. "याच्याच बाजूचा पाय!" आणि ते चक्क टेबलाखाली शिरले.

खालून फक्त ठकठक ऐकू येत होती. समोर तो आशेने टेबलाकडे बघत होता. बिचाऱ्याला वाटत होतं, टेबल दोषी ठरलं तर तो सुटला.

मला गप्प बसता आलं असतं. गप्प बसण्याचाच तर पगार होता! पण मग त्याला खोटाच दिलासा मिळाला असता. आजार असलाच तर तो माझ्या थरथरीमागे झाकून राहिला असता, आणि तो बिचारा निश्चिंतपणे घरी गेला असता. माझी अब्रू जाईल ती जाईल, पण त्याला खरं कळायलाच हवं होतं.

"सर," मी म्हणाले, "टेबल चांगलं आहे."

"मग काय हलतंय?" टेबलाखालून आवाज आला.

"मी."

"तू? का? बरं नाही का तुला?"

"बरं आहे, सर. म्हणजे... हे समोर बसले की होतं. इतर वेळी नाही होत. यांचे आकडे माझ्यामुळे चुकलेत. माझं वजा न करता, दुसऱ्या कोणीतरी यांना तपासायला हवं."

ठण्ण! सरांचं डोकं नेमकं त्याच कडेवर बसलं जिथे माझं बसलं होतं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. कानापासून गळ्यापर्यंत लाल. "म्हणजे... तुमचंही?" तो कसाबसा म्हणाला.

"तुमचंही म्हणजे?" मी म्हणाले.

"अरे देवा!" आत्याने कपाळाला हात लावला. "मला नळीतून दिसत होतं, ते या शिकलेल्यांना एवढ्या यंत्रांतून दिसेना होय?"

सरांनी मला बाहेर काढलं आणि दार लावून त्याला स्वतः तपासलं. मी व्हरांड्यात येरझारा घातल्या. आत्या बाकावर बसून माझ्याकडे बघत होती. थट्टा तिलाही सुचत नव्हती. भावाचे हात तिने पाहिले होते.

दार उघडलं. सर डोकं चोळत बाहेर आले. "पाणी ओतलं, एक थेंब सांडला नाही. गोल काढला, छापल्यासारखा. आजाराची थरथर अशी माणूस बघून येत नाही. ही घाबरल्याची आहे. आज त्यांना काही झालेलं नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "उद्याचं मात्र मी सांगू शकत नाही. घराण्यात आहे. येईल, न येईल." आणि माझ्याकडे वळून, शक्य तितक्या करड्या आवाजात, "त्यांना निरोगी माणसांच्या यादीतून काढलंय. अपात्र. आणि आत्यांची मोजणी यापुढे तू करायची नाहीस. त्या आता तुझ्या... असो!"

प्रेमात पडल्यामुळे निरोगी माणसांतून नाव कापलं गेलेला तो आमच्या विभागातला पहिलाच गडी.

आणि हा पहिला गडी दुसऱ्या दिवशी आलाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मला राग आला. सगळ्या जगासमोर माझी रेषा नाचली, आणि हा आपला केक लिहीत बसलाय! मी पर्स उचलली आणि तडक बेकरी गाठली.

तो क्रीमची पिशवी हातात घेऊन एका केकवर वाकला होता. हात अगदी स्थिर. मला बघितलं आणि पिशवीतून क्रीमचा फवारा काउंटरवर उडाला.

"केक हवाय," मी म्हणाले.

"काय... काय लिहू?"

"आधी सांगा, आला का नाहीत?"

त्याने काउंटरवरचं क्रीम पुसलं. मग पिशवी खाली ठेवून म्हणाला, "डॉक्टर म्हणाले ते ऐकलंत ना? आज नाही, पण उद्या... उद्या हे हात खरंच थरथरायला लागतील. तेव्हा मी बाबांसारखा कोपऱ्यात जाऊन बसलो तर? तुमच्या गळ्यात ते कशाला घालू?"

"अहो," मी म्हणाले, "मी दिवसभर कुणाच्या हातांशेजारी बसते? नळीने चहा पिणारी माणसं मला ओशाळवाणी वाटत नाहीत. मला त्यांची मजाच वाटते. कोपऱ्यात बसाल तर मी तिथे दोन नळ्या घेऊन येईन. आणि ती थरथर कधी येणारच नाही असंही होऊ शकतं. मग उद्याच्या थरथरीसाठी आजचा दिवस का फुकट घालवायचा?"

त्याने मान खाली घातली आणि एक कोरा केक पुढे ओढला. "काय लिहू?"

"लिहू नका. गोगलगाय काढा."

त्याने पिशवी हातात घेतली. आतून सुरुवात केली, आणि पहिल्याच वळणावर हात थरथरला. गोगलगाय पुन्हा भूकंपात सापडली.

"बघा," तो हताशपणे हसला. "तुम्ही समोर असलात की हे असं होतं."

मी काउंटरला वळसा घालून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. कोणाच्याच मनगटावर सेन्सर नव्हता. मी त्याचा हात माझ्या हातात घेतला.

"आता?"

"आता तर जास्तच थरथरतोय..."

माझाही थरथरत होता.

"थरथरू दे," मी म्हणाले. "तू गोल पुरा कर."