चौथ्या वळणावरची सिरिंज

सन २०७३ मध्ये ऑक्टोबरातही खालच्या गावांत पारा एकोणपन्नासवर जात असे. म्हणून सरकारने दूरदृष्टीने इस्पितळ वर पठारावर, गारव्यात बांधलं होतं. आजारी पडणारी माणसं खाली राहतात, एवढं एक ध्यानात घ्यायचं राहून गेलं.

मधे सव्वीस वळणांचा घाट होता, आणि चौथ्या वळणावर रुग्णवाहिका अडली होती. आत अकरा वर्षांच्या वृंदाची आई उष्माघाताने निपचित पडली होती.

गाडीचं वागणं चमत्कारिक होतं. सपाटीवर झकास पळायची. चढ लागला की काळा धूर ओकायची आणि बसायची.

"ताप एक्केचाळीस पूर्णांक तीन अंश सेल्सिअस," निदानक म्हणाला. हा रुग्णवाहिकेतला यंत्रमानव. पेशंट आणि इंजिन दोन्ही त्याच्याकडेच होते. "पाऊण तासात पोहोचणं आवश्यक. टर्बो हवा कमी देतो आहे. टर्बो बदला. नवा अकरा आठवड्यांत मिळेल."

"ऐकलंस?" ड्रायव्हर हणमंतकाका म्हणाले. "गेल्या सोमवारी जगदाळे मास्तर याच गाडीत, सातव्या वळणावर अडून गेले. तेव्हाही अकराच आठवडे होते."

वृंदाने आईच्या कपाळावरची पट्टी बदलली. ओली पट्टी ठेवताक्षणी गरम होत होती.

"टर्बो म्हणजे काय रे?" तिने निदानकला विचारलं. नुसतं बसून राहणं तिला जमेना.

"इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराने फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त जळण, जास्त जोर."

"मग आता का कोंबत नाही? मोडलाय?"

"पंखा शाबूत आहे. पंख्याभोवती पाकळ्या असतात. त्या मिटल्या की धूर पंख्यावर जोराने आदळतो. पाकळ्या मिटत नाहीत."

"त्या मिटवतं कोण?"

"पडद्याची डबी. डबीपासून एक रबरी नळी पंपाकडे जाते. पंप डबीतली हवा काढून निर्वात पोकळी (हवा नसलेली जागा) करतो. मग बाहेरची हवा पडदा आत ढकलते आणि पडद्याला जोडलेली दांडी पाकळ्या मिटवते."

"ढकलते? ओढत नाही?"

"निर्वात पोकळी काहीही ओढत नाही. तिथे ओढायला कोणी नसतं."

"आणि नळीला भोक असलं तर?"

"बाहेरची हवा भोकातून आत जाईल. दोन्हीकडे सारखी हवा. पडदा हलणार नाही."

"अरे, मग हे आधी का नाही बोललास?" हणमंतकाका म्हणाले.

"नळीत संवेदक (मोजमाप घेणारं यंत्र) नाही. जिथे संवेदक नाही तिथे दोष नोंदवता येत नाही. आणि कोणी विचारलं नव्हतं."

"पंपच गेला असेल तर?" वृंदाने विचारलं.

"ब्रेकलाही तोच पंप मदत करतो. पंप गेला तर पेडल कडक होतं."

काकांनी पेडल दाबून पाहिलं. मऊ होतं. म्हणजे पंप ठीक. मग उरली नळी.

इंजिन बंद झालं. त्याबरोबर पेशंटवरचा वाऱ्याचा पंखाही थांबला. निदानक ओल्या पट्ट्या बदलत राहिला. वृंदाने औषधांच्या पेटीतली सगळ्यांत मोठी सिरिंज काढली, तोंडावर बोट दाबून दट्ट्या मागे ओढला आणि सोडला. दट्ट्या आपसूक पुढे गेला.

"हाच का तो बाहेरच्या हवेचा धक्का?"

"होय."

काकांनी नळीचं पंपाकडचं टोक सोडवलं. तिने सिरिंज त्यात खुपसली आणि दट्ट्या ओढला. तो ओढलेला तसाच राहिला, परत जाईना. डबीची दांडीही हलली नाही. कुठून तरी हवा आत शिरत होती.

"काका, नळी इथे चिमटा."

सिरिंजजवळ चिमटून दट्ट्या पुन्हा ओढला, तर तो परत गेला. वीतभर पुढे, तरी गेला. आणखी चार बोटं पुढे चिमटली, आणि दट्ट्या राहिला. भोक त्या चार बोटांच्या मधे होतं. तिथे नळीभोवती तांब्याची बारीक तार करकचून आवळलेली होती. तारेखाली रबर चिरलं होतं.

हणमंतकाकांनी तारेचं टोक नखाने उचकटलं.

"खंडेनवमीला झेंडूचा हार बांधला होता मी. पूजा गाडीची. दोरा इंजिनच्या उष्णतेने जळतो, म्हणून तार घेतली. हार काढला, तार राहिली." मग हळूच म्हणाले, "म्हणजे जगदाळे मास्तर…"

"प्रश्न पूर्ण करा," निदानक म्हणाला.

काकांनी चिरलेला तुकडा कापला आणि दोन्ही टोकं बॉलपेनाच्या नळीवर चढवून घट्ट बांधली. या वेळी दोऱ्याने.

"प्लॅस्टिक आहे, टिकणार नाही," निदानक म्हणाला.

"बावीस वळणं टिकेल?" वृंदाने विचारलं.

"बघू," काका म्हणाले.

दट्ट्या ओढताच डबीची दांडी सरकली. मग गाडी चढली. सातव्या वळणावर काकांनी रस्त्यावरून नजर हलवली नाही. वृंदा आईची नाडी धरून बसली होती आणि ठोके मोजताना दर वेळी साठाच्या पुढे चुकत होती.

आईने डोळे उघडले ते तिसऱ्या दिवशी. पहिल्यांदा तिने पाणी मागितलं, मग वृंदाच्या काळ्या हातांबद्दल रागावली. डॉक्टर म्हणाले, रागावतेय म्हणजे सुधारतेय.

हात काळे होण्याचं कारण इस्पितळाच्या आवारात उभं होतं. सात रुग्णवाहिका. खंडेनवमी सगळ्यांनीच केली होती. वृंदा सिरिंज लावी, दट्ट्या राहिला की काका मुकाट्याने पक्कड काढत. पाच गाड्यांच्या तारा निघाल्या. सिरिंजची तपासणी मार्गदर्शिकेत नाही, असं निदानकने पाच वेळा सांगितलं. सहाव्यांदा त्याने ती मार्गदर्शिकेत लिहून घेऊ का, असं विचारलं.

संध्याकाळी हणमंतकाका जगदाळ्यांच्या घरी गेले. सोबत चिरलेली नळी आणि सिरिंज नेली. तार कोणी बांधली आणि गाडी का अडली, ते त्यांना मास्तरांच्या मुलीला नीट समजावून सांगायचं होतं.