आधी पाठ, मग तोंड

"आधी पाठ बघायची, मग तोंड! कळलं का, इंदाय? कुत्र्याची शेपटी बघूनच पुढे जातेस ना? कॉम्प्युटरचंही तसंच!"

लुमिंगला लाडाने 'इंदाय' म्हणणाऱ्या मोठ्या भावाचा हा आवाज तिला आठवला, तेव्हा ती वाचनालयाच्या खिडकीत अर्धी आत आणि अर्धी बाहेर लटकत होती. गेल्या सुट्टीत जिन्याखालच्या खोलीत मानोंग डेल्फिनने, म्हणजे डेल्फिनदादाने, तिला स्क्रू पिळायला शिकवलं, तेव्हा दिवसातून दहा वेळा तो हेच म्हणायचा. आज तो घरी गप्प बसून पिशवी भरत होता.

"ढकलू का?" खालून पिटोयने विचारलं. पिटोय तिचा चुलतभाऊ, तिच्याच वर्गातला.

"हळू! आणि तोंडातलं आधी गिळ!"

"आंबा आहे. भीती वाटली की मला भूक लागते."

"तुला भीती नाही वाटली तरी भूक लागते!" फाटकापाशी पहाऱ्यावर उभी असलेली बिनिंग कुजबुजली. ही नऊ वर्षांची. गावप्रमुख कॅप्टन रुफिनोंची सख्खी नात. पण या कामात आजोबांच्या विरुद्ध बाजूला! "कुणी आलं तर मी पालीसारखं ओरडेन. तुको, तुको! पळायचं!"

भर दुपार होती. या वेळी गुइमारास बेटावर माणसं जेवून लवंडतात, आणि वडासारख्या बालेतेच्या झाडातले 'आपल्यासारखे नसलेले' फिरायला निघतात, असं लोला पासिंग सांगायची. लोला म्हणजे लुमिंग आणि पिटोयची आजी. ते झाड वाचनालयाला अगदी खेटून होतं. पारंब्या खिडकीपर्यंत लोंबत होत्या. वाऱ्याचं नाव नव्हतं, तरी एक पारंबी हलली!

"ताबी, ताबी," पिटोय घाईघाईने पुटपुटला. "आम्ही फक्त जातोय हो. वाट द्या."

दोघं आत उतरली. खोलीत अजून तो वास होता. कडवट, जळका. 

दोन महिन्यांत या खोलीत दोन कॉम्प्युटर मेले होते. दोन्ही कोरे, तयार, खोक्यातून बाहेर काढलेले. कॅप्टनच्या बहिणीने अमेरिकेहून गावाला पाठवलेले. पहिला लावला तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला, मागून निळी ठिणगी उडाली आणि धूर! दुसऱ्याचंही तेच. झाडातल्यांना यंत्र आवडत नाही, असं निम्मं गाव म्हणालं. उरलेल्या गावाने डेल्फिनकडे बोट दाखवलं. कारण हे खोके मागवायची गोष्ट ज्या सभेत निघाली, त्या सभेत तो उठून बोलला होता.

"कॅप्टन, तयार कशाला मागवता? समुद्रापलीकडून आणायच्या खर्चात मी सुटे भाग घेऊन इथंच दोन जोडून देतो. उद्या काही बिघडलं तर तेवढाच भाग बदलता येईल."

"तुझे ते चार दुकानांतले चार तुकडे!" कॅप्टन हसले होते. "आमचं यंत्र सीलबंद येणार. त्याला तू हातसुद्धा लावायचा नाहीस. सील तुटलं की हमी गेली!"

आणि आता? दोन यंत्रं मेल्यावर कॅप्टन म्हणत होते, डेल्फिननेच जळून भिंतीतल्या तारांत काहीतरी केलं. आज चार वाजता तिसरं यंत्र सुरू व्हायचं होतं. तेही जळलं तर डेल्फिनने उद्याच्या पहिल्या होडीने बेट सोडायचं, असं सगळ्यांसमोर ठरलं होतं.

टेबलावर तिसरं यंत्र ऐटीत बसलं होतं. पडद्यावरचं प्लास्टिकही तसंच. वर कॅप्टनची चिठ्ठी: 'हात लावू नये.' टेबलावरचं पांढरं कापड जमिनीपर्यंत लोंबत होतं.

"किती सुंदर आहे गं!" पिटोय म्हणाला.

"तोंड नको बघूस." लुमिंग कोपऱ्यातल्या मेलेल्या यंत्रांपाशी गुडघ्यावर बसली. तिने एकाची पाठ उजेडाकडे फिरवली. जाळीवर काजळी होती. आणि वायर खुपसायच्या जागेशेजारी एक बारीकशी लाल खुंटी होती. तिच्यावर आकडा होता, ११५.

लुमिंगने दुसरं फिरवलं. ११५!

ती थिजली. मानोंगच्या खोलीतल्या यंत्रांनाही अशीच लाल खुंटी होती. पण तिथे आकडा दिसायचा २३०. नवीन भाग आला की तो सगळ्यात आधी खुंटी बघायचा, चपटी पिन घालून सरकवायचा, मगच पुढचं काम.

"पिटोय, अमेरिकेत भिंतीतून विजेचा दाब येतो तो आपल्या निम्मा! हे त्यांच्या दाबावर ठेवलंय आणि आपण आपल्या भिंतीत खुपसतोय!"

"पण पिना तर बरोबर बसल्या!"

"तेच तर! पिना सारख्याच आहेत, म्हणून कुणाला शंकाच आली नाही."

ती तिसऱ्या यंत्रामागे गेली. इथेही ११५! नखाने खुंटी सरकवायला गेली, तर नखच मोडलं. खुंटी खोल बसली होती. लुमिंगने केसातली पिन काढली, आणि तेवढ्यात...

"तुको! तुको! तु—"

आवाज मध्येच तुटला. पायऱ्यांवर चपला वाजल्या. खिडकीपर्यंत जायला वेळ नव्हता! दोघं टेबलाखाली घुसली आणि कापड खाली सोडलं.

दार उघडलं. कॅप्टन रुफिनो! मुलांना कापडाखालून त्यांचे अंगठे तेवढे दिसत होते. ते टेबलाभोवती फिरले. थांबले.

"लावूनच बघू का एकदा?" ते स्वतःशीच म्हणाले.

लुमिंगने डोळे मिटले. डोक्यावर वीतभर अंतरावर ते यंत्र होतं!

"नको. फादर येऊ देत. पवित्र पाणी शिंपडल्यावरच." खुर्ची कुरकुरली. कॅप्टन बसले आणि जाडसर कागदाच्या घडीने वारा घेऊ लागले. फट, फट, फट. मग घोरणं सुरू झालं, आणि हातातली घडी निसटून सरळ कापडाखाली आली!

लुमिंगने ती पाहिली. तिच्यावर यंत्राच्या पाठीचं चित्र होतं. लाल खुंटी, तिच्यावर बाण, आणि बाजूला लाल रंगात: 'देशातला दाब पाहूनच लावा!'

घोरणं थांबलं. कॅप्टनचा हात खाली आला. चाचपडत, चाचपडत... पिटोयच्या गुडघ्यापासून चार बोटांवर! पिटोयचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मग त्याने हळूच ती घडी कॅप्टनच्या बोटांपुढे सरकवली. हाताला घडी लागली. हात वर गेला.

"आता बाहेर जाऊन सांगून टाकू या का?" बऱ्याच वेळाने पिटोयने तिच्या कानात विचारलं.

"डेल्फिनची बहीण टेबलाखाली सापडली म्हटल्यावर काय म्हणतील? कोण विश्वास ठेवेल आपल्यावर?"

कॅप्टन आता जागेच होते, खुर्चीतून हलायचं नाव नव्हतं. पाय बधिर झाले. घाम डोळ्यांत उतरला. तास गेला, दोन गेले. मग बाहेर माणसांचा गलबला वाढला. केळीच्या पानात वाफवलेल्या सुमानचा, चिकट भाताच्या त्या खाऊचा, गोड वास आला, आणि नवल म्हणजे पिटोयने नाकसुद्धा हलवलं नाही!

खोली भरली. फादर आले. लोला पासिंगच्या जपमाळेचे मणी टिकटिकत होते. "आणि तो डेल्फिन फाटकाबाहेर! वीस पावलं लांब!" कॅप्टनने दरडावलं.

प्रार्थना झाली. पाणी शिंपडलं. कॅप्टनने वायर उचलली.

लुमिंगने भिंतीकडच्या फटीतून हात वर काढला. पिन जाळीवर घसरली. खुंटी सापडेना! समोर खिडकी होती, आणि खिडकीबाहेर बिनिंगचा चेहरा. बिनिंगने तो हात पाहिला. तिचे डोळे मोठे झाले. दुसऱ्या क्षणी ती आजोबांना हाक मारत बेंबीच्या देठापासून किंचाळली.

"लोलो! झाडात कुणीतरी आहे! दात काढून हसतंय!"

खोलीत एकच गोंधळ! कुणी क्रूसाची खूण केली, कुणी खुर्ची पाडली, आणि सगळी डोकी झाडाकडे वळली. लुमिंगची पिन खाचेत बसली. खट्!

"काही नाही, माकड असेल!" कॅप्टनचा आवाज मात्र थरथरत होता. "मी लावतो. एक... दोन..."

सगळ्यांनी कान झाकले. मणी थांबले.

तीन!

काहीच झालं नाही. ना आवाज, ना धूर. मग पंखा भुणभुणला आणि पांढऱ्या भिंतीवर निळसर उजेड पडला.

"चालू झाला! चालू झाला!" टाळ्यांनी खोली दणाणली. कॅप्टन छाती फुगवून म्हणाले, "बघितलंत? डेल्फिनला लांब ठेवला आणि यंत्र चाललं! आता आणखी कसला पुरावा हवा?"

 यंत्र वाचलं, आणि मानोंगच बुडाला!

 लुमिंगने कापड बाजूला केलं आणि ती उभी राहिली. मागून पिटोय.

"अरे देवा! ही पोरं इथे कुठून?"

"दुपारपासून इथेच आहोत, कॅप्टन." लुमिंग म्हणाली. "ते मी चालू केलं. म्हणजे, खुंटी मी सरकवली. आधी पाठ बघायची असते, आणि ती कुणी बघितलीच नाही!"

"पोरी, उद्धटपणा करू नकोस! माझ्या बहिणीने फोनवर सांगितलंय, हे दोन्ही देशांत चालतं!"

"आणि पुढे काय सांगितलं, लोलो?" बिनिंग दारातून आत आली. "मी ऐकत होते. 'दोन्ही देशांत चालतं, फक्त आतला कागद वाच.' तुम्ही 'बरं बरं' म्हणून फोन ठेवलात."

"कुठला कागद?"

"तुमच्या हातातला," पिटोय हळूच म्हणाला. "ज्याने तुम्ही वारा घेताय."

फट, फट थांबली. कॅप्टनने घडी उलगडली. लाल खुंटी, लाल बाण, लाल अक्षरं. त्यांनी ते वाचलं, कोपऱ्यातल्या दोन काळ्या पाठींवरचे आकडे बघितले, आणि पुन्हा वाचलं. त्यांचा चेहराही लाल झाला. खोलीत कुणी हसलं नाही. एकट्या लोलाने हाताआड तोंड लपवलं.

मग कॅप्टन स्वतः फाटकापर्यंत चालत गेले. वीसच्या वीस पावलं! डेल्फिनच्या खांद्यावरची पिशवी त्यांनी काढून घेतली.

"चुकलो, डेल्फिन. वाचायचं ते मी हलवत बसलो. ते दोन... कायमचे गेले का रे?"

डेल्फिनने आत येऊन दोन्ही यंत्रं हुंगली. "बहुतेक विजेची पेटीच गेली असेल. तेवढी बदलून बघतो. तयार यंत्रसुद्धा कुणीतरी सुटे भाग जोडूनच केलेलं असतं, कॅप्टन. फक्त आपण ते उघडून बघत नाही."

"मग पुढचं तू जोड. आणि या तिघांना हाताखाली घे. या पोरांमुळे आज माझी लाज राहिली."

"राहिली कुठे?" लोला म्हणाली, आणि आता मात्र सगळे हसले. फादरनी लुमिंगच्या डोक्यावर हात ठेवला. सगळ्यात मोठा सुमान पिटोयच्या पानात पडला. त्याने तो निम्माच खाल्ला.

"बरं नाही का रे?" लुमिंगने विचारलं.

"टेबलाखाली मी काहीतरी बोललो होतो," पिटोय म्हणाला. "तुला नाही. वर."

आणि त्याने उरलेला सुमान लुमिंगपुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी लोला पासिंग नेहमीसारखी जपमाळ घेऊन चॅपलला निघाली. पायरीवर कुणीतरी बसलं होतं. केस विंचरलेले, डोळे अर्धे मिटलेले. शाळा असतानाही आठ वाजेपर्यंत न उठणारा पिटोय!

"नऊ दिवसांचा नवस," तो जांभई दाबत पुटपुटला. "आजचा पहिला."

लोला पुढे चालू लागली. पिटोयने चपला हातात घेतल्या, घरातलं कुणी जागं होऊ नये म्हणून, आणि तो तिच्यामागून वाटेला लागला.