डब्लिनहून डब्लिनला

मराठी मंडळाच्या फॉर्मवर त्याने शहर लिहिलं होतं – डब्लिन. आता अमेरिकेत, ओहायोमधल्या डब्लिनमध्ये बसून समर पिकनिकची कामं वाटणाऱ्या बाईने काय समजावं? मी मेसेज टाकला, ‘लोकल आहेस. तुझ्या गॅरेजमधली आठ फोल्डिंग टेबलं घेऊन शनिवारी नऊला ये.’

तो आला. पावणेनऊलाच. टेबलं उतरवली, घाम पुसला आणि म्हणाला, “निधी ना? टेबलं माझ्या क्लबची आहेत. माझं गॅरेज… म्हणजे आईबाबांचं… ते आयर्लंडच्या डब्लिनमध्ये आहे.”

“मग आधी नाही का सांगायचं?”

“तू विचारलंस कुठे? ऑर्डर सोडलीस.”

हसला की त्याच्या एकाच गालाला खळी पडायची. मी टेबलं मोजत असल्याचं सोंग केलं.

संग्राम तिथेच जन्मलेला. मराठी आईकडून आलेलं, बाकी सगळं आयरिश. कंपनीने उन्हाळ्यापुरतं आमच्या शेजारच्या कोलंबसला पाठवलं आणि इथल्या हर्लिंग क्लबने त्याला लगेच उचललं. हर्लिंग म्हणजे वाकड्या टोकाची लाकडी काठी, चामड्याचा छोटा चेंडू आणि पंधरा-पंधरा जणांची धुमश्चक्री. मला वाटलं, पैसा दणदणीत मिळत असेल.

“छदाम नाही,” तो म्हणाला. “सगळे नोकरी करून खेळतात.”

“मग एवढा जीव कशाला काढतोस?”

“डब्लिनच्या सीनियर टीमसाठी. माझ्या डब्लिनच्या!”

पाचव्या वर्षी काठी हातात, सतराव्या वर्षी ज्युनियर संघात, विसाव्या वर्षी कॅप्टन. आणि गेल्या हिवाळ्यात सीनियर निवडीच्या शेवटच्या दिवशी नाव कापलं गेलं. डावी बाजू कच्ची, एवढंच कारण. ऑक्टोबरमध्ये पुन्हा ट्रायल होती, आणि यंदा हुकली की पुन्हा बोलावणं येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग काय, रोज सकाळी ऑफिसच्या आधी पार्कात मी चेंडू फेकू लागले. फक्त डावीकडे.

“यार, एक तरी उजवीकडे टाक!”

“नाही.”

“ऑफिसमधले घाबरत असतील तुला.”

“तू घाबरतोस?”

“चेंडूला नाही…” तो माझ्याकडे बघत म्हणाला – आणि सोपा चेंडू चुकला. माझे कान तापले. पुढचा मी जरा जोरातच फेकला.

सप्टेंबर संपता संपता त्याची डावी बाजू उजवीच्या तोडीची झाली. आणि नेमका तेव्हाच, सरावानंतर बाकावर बसून तो म्हणाला, “कंपनी मला इथेच पर्मनंट ठेवतेय. मी हो म्हणणार आहे.”

“आणि ट्रायल?”

“कॅन्सल करतो. तिकडे गेलो तर तू… म्हणजे आपण…”

खरं सांगते, मी हरखले. अर्धा मिनिट. मग असा राग आला!

“नागपूरला मी युनिव्हर्सिटीकडून खो-खो खेळायचे,” मी म्हटलं. “फायनलच्याच दिवशी कॅम्पस इंटरव्ह्यू आला. सगळे म्हणाले, शहाणी हो. झाले शहाणी. आठ वर्षं झाली, त्या फायनलचा स्कोअर मी अजून कुणाला विचारलेला नाही.”

 तो हळूच म्हणाला, “माझ्या प्लॅनला खो घालतेयस तू.”

“घालत नाही, देतेय. फरक आहे.”

“आई तर एकच म्हणते, कामात खो घालू नकोस.”

“तो वेगळा. खेळात मागून येऊन कुणी खो दिला, की बसलेल्याने उठून पळत सुटायचं. विचार करायचा नाही.”

“आणि खो देणारी?”

“त्याच्या जागी बसते.”

“किती वेळ?”

“तिला कुणी खो देईपर्यंत…” मी उठून उभी राहिले. “मला तू आवडतोस, संग्राम. खूप. म्हणूनच माझ्यासाठी मैदान सोडलेला तू मला नकोयस. हरायचंच असेल तर तिथे खेळून हर.”

“आणि सिलेक्ट झालो तर?”

“तर मला सांग. मी स्कोअर विचारणार आहे, या वेळी.”

मी बाकाच्या मागे गेले. त्याच्या घामेजल्या पाठीवर तळहात टेकला – पहिल्यांदाच त्याला असा हात लावत होते – आणि छातीभर दम घेऊन ओरडले, “खो!”

कुत्रा फिरवणाऱ्या एक आजी दचकल्या. संग्राम उठला. चार पावलं पळाला, परत आला, माझ्या कपाळावर ओठ टेकवले. “आय लव्ह यू, बॉस,” म्हणाला, आणि पार्किंगपर्यंत खरोखर धावत गेला.

खेळाचा नियम असा, की आता मी मुकाट्याने त्याच्या जागी बसून राहायचं. पाच मिनिटं बसलेही. रडूनही घेतलं. परत येताना व्हिसा अडकेल या धास्तीने तीन वर्षं मी अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मग डोळे पुसले, फोन काढला आणि व्हिसाच्या वकिलाला मेल लिहिली – ‘ऑक्टोबरमध्ये आयर्लंडला जातेय. परतीचे पेपर्स तयार ठेवा.’