कुलूपबंद कलम

देवगडकडच्या लग्नाच्या माहितीपत्रकांत आता उंची आणि नोकरी यांच्या मध्ये एक रकाना असतो: ‘बीज कुलूपबंद आहे काय?’ हे कुलूप तालुक्यात सर्वांत आधी लागलं ते वालावलकरांच्या घरात. आबा वालावलकर हापूसची कलमं बांधणारे. आंब्याच्या बाठ्यातून उगवलेलं रायवळ झाड मूळ झाडासारखं निघेल याचा भरवसा नाही, हे त्यांना शाळेत जाण्याआधीच ठाऊक होतं. माणसाचंही कलम बांधता येतं असं कळल्यावर ते पहिल्या रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांचे वडील नाना तेव्हा नव्वदीत होते, आणि पुढे एकशे दोन वर्षं जगले. नानांचे तिन्ही भाऊ चाळिशीच्या आत छातीला हात लावून गेले. नानांचं काळीज जसंच्या तसं वंशात राहावं, एवढीच आबांची मागणी. ती मंजूर झाली, आणि छत्तीस वर्षांपूर्वी ओजस जन्मला.

आता मूल हवं म्हणून तो डॉ. सय्यदा मुकादम यांच्यापुढे बसला होता. त्यांनी त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या कलम बांधायच्या दोन पट्ट्या मागून घेतल्या, एक हिरवी, एक पांढरी.

“हिरवी वडिलांकडून आली, पांढरी आईकडून. बीज तयार होताना जोडीतली ही गुणसूत्रं शेजारी येतात, एकमेकांत तिढा घेतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात.” त्यांनी दोन्ही पट्ट्या एकाच जागी कापल्या आणि हिरव्या तुकड्याला पांढरा जोडला. “म्हणून सख्खी भावंडंही सारखी निघत नाहीत. तुमच्या घरात ही अदलाबदल बंद आहे. पांढरी गळते आणि हिरवीच पुढे जाते, अख्खी.”

त्या हिरवीवर काळीज जपणाऱ्या जनुकाला खेटून आणखी एक जनुक बसलं होतं: पस्तिशीपासून दृष्टी कडेकडेने विझवत नेणारं. नानांचं आंधळेपण सगळ्यांनी म्हातारपणावर ढकललं होतं. आबा कित्येक वर्षं नुसत्या बोटांनी कलमं बांधत, आणि गाव त्याला हातगुण म्हणत असे. ओजसला आताशा जिन्याची शेवटची पायरी सापडत नव्हती.

बाईच्या बीजातली अदलाबदल तिच्या जन्माआधीच उरकते, त्यामुळे हेच कुलूप घेऊन जन्मलेल्या ओजसच्या बहिणीला आता काही इलाज नव्हता. पुरुषाचं बीज रोज नवं बनतं. तीन महिन्यांच्या औषधाने ओजसचं कुलूप निघालं असतं. पण ती दोन जनुकं इतकी शेजारी, की तिढा नेमका त्यांच्या मधोमध पडणार शंभरात एखाद्या वेळी. एरवी बाळाला दोन्ही मिळणार, नाहीतर दोन्ही चुकणार. हवं ते बीज वेचायला कायद्याची बंदी होती. कुलूप लावायला मात्र नव्हती. आणि ते काढायच्या अर्जावर, ज्याने लावलं त्याचीच सही हवी होती.

आबा रोपवाटिकेत जाळीच्या सावलीत बसले होते. ओजसने सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं कलम पुरं बांधलं, मग बोलले.

“माझो बापूस एकशे दोन वर्सां जगलो. आणि तू रायवळ जन्माक घालतलस?”

“नानांका माझा तोंड कधी दिसलाच नाय, आबा.”

“डोळ्यांबिगर माणूस जगता. काळजाबिगर नाय. बारा वर्सां मी तसोच जगतंय ना?”

आबांना दिसत नाही, हे घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. स्वतःच्या नजरेची किती वर्षं उरली, याचा हिशेब ओजसने मनातल्या मनात केला आणि सोडून दिला.

आबांनी अर्ज मागितला. त्यावर दोन चौकटी होत्या, डावीकडे संमती, उजवीकडे नकार. पेन दोन्ही सोडून रिकाम्या फळीवर टेकलं.

“खंय?” आबांनी विचारलं.

ओजसने त्यांचं मनगट धरलं, पण ते हलवलं नाही.

“तुका होया थंय ठेव,” आबा म्हणाले.

अंगठ्याखाली नाडी लागली, नानांचीच, संथ आणि बिनचूक. हे काळीज जुगारावर लावून आपण ज्या मुलासाठी डोळे मागतो आहोत, त्याने चाळिशीत छातीवर हात ठेवून विचारलं, ‘कुणाला विचारून?’, तर त्याला काय सांगायचं?