मिठाच्या बेटावरची पिवळी टोपी

"काका, तुमच्या दुकानातल्या सगळ्या खेळांत ती एकच मुलगी का असते हो?"

प्रश्न आम्हा तिघींचाही होता, पण विचारायची पाळी माझ्यावर आली. माझ्या मैत्रिणी, कोतोने आणि सुमिरे, दाराबाहेर गरम बटाट्याचे कोरोक्के फुंकर मारून खात उभ्या होत्या आणि काचेतून माझ्याकडे बघून दात काढत होत्या. "मिहारु, तुझं तोंड आता चालायला लागलंय ना? मग चालव!" असं सुमिरे म्हणाली होती.

ते खरंच होतं. अख्खी माध्यमिक शाळा मी मुकी असल्यासारखी काढली. हजेरीला नुसता हात वर करायची. या वर्षी हायस्कूलला गेले, ध्वनिक्षेपण मंडळात नाव घातलं आणि दुपारच्या सुट्टीत माइकसमोर बसून पहिल्यांदा माझा आवाज सगळ्या वर्गांतून फिरून परत ऐकला. तेव्हापासून मी थांबलेलीच नाही. बाबा म्हणतात, इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर पडतंय.

तर हाशिझुमे काका. आमच्या ताकाओका गावातल्या, वरून छत घातलेल्या बाजारपेठेत, चहावाल्याच्या आणि बंद पडलेल्या छत्रीवाल्याच्या मधे त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. पुढे बल्ब आणि हीटर, मागे जुने कॉम्प्युटर. माझ्या आईच्या लहानपणचे, जाडजूड कळफलकाचे. त्यांच्यावरचे खेळ कॅसेटमध्ये असतात, गाण्यांच्या असायच्या तसल्याच. कॅसेट लावायची, मग टेपरेकॉर्डर कोणीतरी मांजराची शेपटी धरून ठेवल्यासारखा किंचाळत राहतो आणि तो आवाज कॉम्प्युटर खेळ म्हणून वाचतो. वाचून होईपर्यंत त्या दुकानात कोणी बोलत नाही, पाय वाजवत नाही. काकांचा तसा नियमच. धक्का लागला की चूक होते आणि पुन्हा पहिल्यापासून.

आणि खेळ तरी कसले! मोठ्या कंपन्यांचे एकही नाहीत. त्या काळी इथलीच हायस्कूलची पोरं घरी बसून खेळ बनवायची आणि काकांकडे विकायला आणायची. काका त्यांच्या नकला काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून टांगायचे. एकात विमानाने खेकड्यांवर गोळ्या झाडायच्या. एकात ट्रामचं वेळापत्रक लावायचं, आणि ते चुकलं की प्रवासी पडद्यावर पाय आपटतात. गोल्फ आहे. सोंगट्यांचा माजोंग आहे, त्यात समोरचा म्हातारा उघड उघड फसवतो. मला ते वेड्यासारखे आवडतात. प्रत्येकात कोणीतरी एकटं बसून मन लावून काहीतरी वेड्यासारखं केलेलं दिसतं.

आणि प्रत्येकात ती. मूठभर ठिपक्यांची. पहिलीतली मुलं घालतात तशी पिवळी टोपी, पाठीवर लाल दप्तर. विमानाच्या खेळात ती खाली समुद्रात एका खडकावर दिसते, गोल्फमध्ये झाडांपाशी, माजोंगमध्ये त्या लबाड म्हाताऱ्यामागच्या खिडकीत. खेळ बनवणारे वेगवेगळे. मुलगी तीच.

काका सोल्डरिंग करत होते. त्यांनी हातातलं ठेवलं. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

"बघतात सगळे," ते म्हणाले. "विचारलंस तूच. त्या दोघींना आत बोलाव. थंडीत दात दाखवत उभ्या राहिल्या तर पडतील."

*

ती त्यांची बहीण होती, कायो. त्यांच्याहून पुष्कळ लहान. काकांनी नकला काढायला सुरुवात केली तेव्हा त्यांची जोडणीची वायर तुटलेली होती, म्हणून मागच्या खोलीत उशीवर दोन टेपरेकॉर्डर तोंडाला तोंड लावून ठेवायचे. एक वाजवायचा, दुसरा हवेतून ऐकून टेप करायचा. खोलीतलं सगळं आत जायचं. कायोला सांगितलेलं, गप्प बस. पण ती शेजारीच बसायची आणि तिला काही गप्प बसवत नसे.

"तुझ्यासारखीच," कोतोने मला म्हणाली.

"त्याच हिवाळ्यात गेली," काका म्हणाले. "न्यूमोनिया. नंतर मी नवी वायर आणली, तीही बरीच वर्षं वापरली. त्या नकला सगळ्या विकल्या. ठेवल्या त्या पहिल्या टेपा, आणि कायो दिसते फक्त त्यांच्यातच."

सुमिरेच्या हातातला कोरोक्के तसाच राहिला.

मग त्यांनी आम्हाला 'मिठाचं बेट' दाखवलं. हा चित्रांचा खेळ. बेटावर फिरायचं आणि काय करायचं ते कळफलकावर लिहायचं: जा, उघड, घे. बंदराच्या धक्क्याचं चित्र आलं. टोकाला ती पाठमोरी बसलेली. काकांनी लिहिलं: बोल. खाली अक्षरं उमटली: उत्तर नाही.

"रोज सकाळी एकदा विचारतो," ते म्हणाले. एवढंच.

मी वाकून पाहिलं. तिची टोपी अर्धीच होती. दप्तराचे दोन ठिपके गेले होते. चुंबकाची पट्टी झिजते, काका म्हणाले. एकेक ठिपका जातो. डिसेंबर संपला की दुकान बंद होणार होतं. ते कानाझावाला मुलीच्या फ्लॅटमध्ये जाणार होते. तिथे त्यांना एक कपाट मिळणार होतं, त्यात कॉम्प्युटर मावणार नव्हता. त्यांना तिचं एकदा उत्तर हवं होतं. ते हे बोलले नाहीत. पण 'उत्तर नाही' आल्यावर त्यांनी ज्या हळुवारपणे तो पडदा पुसला, तसं कोणी नुसती काच पुसत नाही.

*

"त्यात काय!" मी म्हणाले. मी ध्वनिक्षेपणवाली. आवाजाची नक्कल म्हणजे माझं काम.

शाळेतून चांगली वायर आणली. 'मिठाचं बेट' स्वच्छ उतरवलं. एकाही चुकीशिवाय वाचलं गेलं. समुद्र आधीपेक्षा निळा आला. धक्का आला.

रिकामा.

काका पडद्याशी वाकले. "छान झालाय खेळ," ते म्हणाले, दुसऱ्याच्या मुलाचं कौतुक करावं तसं.

मला रडू येत होतं, म्हणून मी जास्तच बोलले. "काका, वायर नकोच. तेव्हा केलं होतं तसंच करू. उशी, दोन टेपरेकॉर्डर, हवेतून."

"हवेतून केलेली नक्कल वाचता येत नाही अगं. त्या वेळच्याही वाचता यायला नको होत्या."

"पण आल्या ना?"

ते मानेनेच हो म्हणाले.

*

रविवारी दुपारी बाजारपेठ सुस्त होती. सकाळी दोनदा आभाळ गडगडलं होतं, बुरी मासा आल्याची वर्दी देणारं थंडीतलं गडगडणं. ते पुन्हा झालं असतं तर सगळं टेपमध्ये गेलं असतं. काका आणि मी थांबलो. मग शांत झालं. इतकं शांत की चहावाल्याचं पानं भाजायचं यंत्र बंद झालेलं कळलं.

मागच्या खोलीत हीटर विझवला, कारण तो टिकटिकतो. काकांनी घड्याळ काढून रजईत गुंडाळलं. उशी ठेवली. दोन टेपरेकॉर्डर तोंडाला तोंड. मी गुडघ्यांवर बसले आणि ओठ दातांत धरले. काकांनी दोन्ही कळा दाबल्या.

किंकाळी सुरू झाली. जवळून ती निराळीच वाटते. आधी नुसता धार लावल्यासारखा आवाज, मग त्यात वाळू सांडावी तशी खरखर. चाकं फिरत होती. काकांनी डोळे मिटले होते. खोलीत चटईचा आणि गार लोखंडाचा वास होता. माझ्या डाव्या बाहीपाशी हवा जरा गरम होती. हीटर उजवीकडे होता, आणि विझलेला.

मी हललेच नाही. शपथ घेऊन सांगते.

"झालं का?"

ध्वनिक्षेपणाच्या खोलीत मंडळातली मुलं रोज असंच विचारतात. तोंडून सवयीनेच निघून गेलं, कुजबुजत: "अजून नाही. थांब."

मग मला कळलं की विचारलं कोणी हे मी पाहिलेलंच नाही.

काकांनी डोळे उघडले होते. ते माझ्याकडे बघत होते. टेप फिरत होती, त्यामुळे दोघांनाही बोलता येईना. ती संपेपर्यंत आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. डावीकडे मी पाहिलं नाही.

कळ टक्कन वर आली.

"कोणाशी बोललीस?" काका म्हणाले.

"तुम्ही ऐकलं नाही?"

"मी तुलाच ऐकलं."

*

वाचता यायला नकोच होती ती टेप. वाचली गेली.

समुद्र. बेट. धक्का.

टोपी अख्खी होती, पिवळीधमक. दप्तर अख्खं. आणि ती पाठमोरी नव्हती.

मी लिहिणार होते, पण काकांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतःच लिहिलं: बोल.

अक्षरं एकेक करून आली.

दादा, झालं का?

काका खुर्चीत मागे टेकले. मग पुढे वाकले, पडद्याच्या इतकं जवळ की त्यांच्या श्वासाने काच धुरकटली.

"झालं गं," ते म्हणाले. "झालं बाई. किती घाई तुला."

ते रडत होते आणि हसतही होते. मीही. मी त्यांच्या स्वेटरची बाही घट्ट धरून ठेवली होती, आणि मला इतका आनंद झाला होता की खिडकी उघडून अख्ख्या बाजारपेठेला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

"अजून एकदा विचारा," मी म्हणाले.

बोल.

अजून नाही. थांब.

काकांचं हसू मावळलं.

"हे ती नाही म्हणाली," ते म्हणाले.

धक्क्यावर, पिवळ्या टोपीच्या शेजारी, दुसरी कोणीतरी होती. जरा उंच. माझ्यासारखे आखूड केस. गडद निळा, पांढऱ्या कॉलरचा गणवेश, आमच्याच शाळेचा.

दोघींनी हात धरले होते.

आम्ही बाकीच्या जुन्या टेपा लावून पाहिल्या. खडक मोकळा. गोल्फची झाडं नुसती झाडं. माजोंगवाल्या म्हाताऱ्यामागच्या खिडकीत आभाळ होतं.

काकांनी प्रत्येक कॅसेट तिच्या पिशवीत परत घातली. मग नवी कॅसेट माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटली.

"म्हातारा दादा किती दिवस पुरणार," ते म्हणाले. "तिला मैत्रीण मिळाली. पण मिहारु, नको वाटत असेल तर आत्ताच सांग. मी कपाटात ठेवीन."

कपाटात! मला नुसत्या कल्पनेने राग आला. मी किती वर्षं गप्प होते ते मला माहीत आहे.

"रोज सकाळी एकदा," मी म्हणाले. "आणि तुम्ही रविवारी ट्रेनने यायचं, भेटायला. दोघींना."

*

काकांनी छोट्या ट्रकमधून कॉम्प्युटर आमच्या दारात आणून सोडला. मी खोकं ओसरीवर ठेवलं, बूट काढले आणि कॅसेट कोटाच्या खिशातच ठेवून आत गेले.

आई मुळा किसत होती. बाबा कोतात्सूत, रजई घातलेल्या गरम मेजाखाली, पाय घालून बसले होते. बाबा देव्हाऱ्यातल्या घंटा सुरात लावतात, आजोबांपासून चालत आलेलं काम. एका घंटेत दोन सूर लागले की आम्हाला ऐकूही येत नाही, त्यांच्या कपाळाला आठी पडते.

मी ताठ उभी राहिले. पोटातून आवाज काढला, माइकसमोर काढते तसा.

"आई, बाबा, मी ठरवलंय. हाशिझुमे काकांचा कॉम्प्युटर आजपासून माझ्या खोलीत राहणार. तो मी रोज लावणार, आणि कोणी काहीही म्हटलं तरी टाकून देणार नाही."

आईचा किसणीवरचा हात थांबला.

बाबांनी वर पाहिलं नाही. कपाळाला आठी पडली, आणि ते नेहमीच्या मायेनेच म्हणाले, "राहू दे की. पण एकेकीनं बोला गं."

मी थांबले आणि कायोला आधी बोलू दिलं.